गोळेश्वर ते हेलसिंकी

1952 च्या जुलै महिन्यात फिनलंडमधील हेलसिंकी येथून येणाऱ्या तारांकडे भारतीय क्रीडारसिकांचे डोळे लागले होते ते हॉकीसाठी. 24 जुलै रोजी अंतिम सामन्यात बलबीरसिंग यांनी नेदरलँड्सवर एकट्याने पाच गोल चढविले, भारताने 6-1 असा विजय मिळविला आणि ऑलिम्पिक सुवर्णपदक पुन्हा आपल्याकडेच राहिले. देशभर आनंद झाला. या आनंदाच्या आदल्याच दिवशी, त्याच शहरात, पाच फूट पाच इंच उंचीच्या एका मराठी मल्लाने कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक पटकाविले होते. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिम्पिक पदक. 1900 साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्याच्या शर्यतींत मिळविलेली दोन रौप्यपदके भारताच्या नावावर धरली जातात. पण तो काळ आणि तो खेळाडू दोन्ही साम्राज्याच्या छायेतील होते. खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या पदकावर मात्र प्रजासत्ताक भारताची नाममुद्रा होती. तरीही त्या पदकाचे मोल कळायला देशाला बराच अवधी लागला, आणि ते मिळविण्यासाठी कोणाला काय गहाण टाकावे लागले होते, हे तर त्याहूनही उशिरा लोकांपर्यंत पोहोचले.

सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड हे कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर वसलेले शहर. त्याला लागून असलेले गोळेश्वर हे खाशाबांचे गाव. 15 जानेवारी 1926 रोजी तेथील शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. त्यांच्या पाच मुलांत खाशाबा सर्वांत धाकटे. कृष्णाकाठच्या गावांत त्या काळी देऊळ आणि तालीम या दोन वास्तू गावाच्या मालकीच्या समजल्या जात. पहाटे उठून जोर-बैठका मारायच्या, हौद्यातली माती खणायची, वस्तादांच्या नजरेखाली लढत करायची आणि मग शेताकडे किंवा शाळेकडे वळायचे, हा तेथील मुलांचा दिनक्रम असे. जत्रांच्या हंगामात गावोगावी कुस्त्यांची मैदाने भरत. रेवड्या-बत्ताशांच्या कुस्तीपासून मानाच्या कुस्तीपर्यंत पोरांची चढण सुरू होई. खाशाबांची चढणही तेथूनच सुरू झाली. अंगकाठी किरकोळ, पण चपळाई अशी की समोरच्या जोडीला पकड बसते न बसते तोच डाव उलटलेला असे. पुढे त्यांना पॉकेट डायनॅमो हे नाव पडले ते याच गुणामुळे.

1940 ते 1947 ही सात वर्षे त्यांनी कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये काढली. सातारा जिल्ह्यासाठी ही वर्षे साधी नव्हती. 1942 च्या चळवळीने या परिसरात असा पेट घेतला की पुढची तीन-चार वर्षे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रति सरकारचा अंमल अनेक गावांतून चालत होता. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, सरकारविरोधी पत्रके इकडून तिकडे पोहोचविणे ही कामे गावोगावची तरुण मुले करीत. खाशाबाही त्यांत होते. शाळकरी वयाच्या या मल्लाच्या मनात कुस्ती आणि देश या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या नाहीत, याचे मूळ त्या दिवसांत सापडते. 15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा हा तिरंगा ऑलिम्पिकमध्ये फडकवायचा असा निश्चय त्यांनी केला. गावाकडच्या मुलाने असा निश्चय करणे सोपे असते; अवघड असते ते लंडनपर्यंतचे भाडे.

हायस्कूलनंतर ते कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. पैलवानकी करणाऱ्या मुलाने कोल्हापूरला जाणे म्हणजे गवयाने घराण्यात गंडा बांधण्यासारखे होते. राजर्षी शाहू महाराजांनी या शहराला कुस्तीची पंढरी बनविले होते. युरोपच्या दौऱ्यात रोमचे प्राचीन आखाडे पाहून आल्यावर त्यांनी बांधून घेतलेले खासबाग मैदान 1912 पासून उभे होते. कोठूनही पाहिले तरी मधल्या हौद्यातली कुस्ती स्पष्ट दिसावी, अशी त्याची बैठक. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींतून पंजाबपर्यंतचे मल्ल येऊन राहत, त्यांच्या खुराकाची सोय दरबारातून होई. शाहू महाराजांना जाऊन 1947 साली पंचवीस वर्षे झाली होती, पण राजाश्रयाची ती परंपरा अद्याप खंडित झालेली नव्हती. बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या मार्गदर्शनाखाली खाशाबांची कुस्ती येथे आकाराला आली.

महाविद्यालयातला त्यांचा प्रवेशही सरळ झाला नाही. वार्षिक क्रीडास्पर्धेतील कुस्तीसाठी नाव द्यायला ते गेले, तेव्हा खेळाच्या शिक्षकांनी त्यांची शरीरयष्टी पाहून नाव घेण्यास नकार दिला. हा किरकोळ मुलगा दणकट गड्यांपुढे उभा राहील, असे त्यांना वाटले नाही. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकर यांच्याकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्याहून थोराड मल्लांना एकामागून एक अस्मान दाखविले. ही घटना तशी लहान. पण प्राचार्य आणि विद्यार्थी यांच्यात त्या दिवशी जो विश्वास जडला, त्याची किंमत पाच वर्षांच्या आतच एका घराच्या रूपाने मोजली जायची होती.

खाशाबांचे पुढचे यश समजून घ्यायचे तर माती आणि मॅट यांतील अंतर ध्यानात घ्यावे लागते. मातीतली कुस्ती ही निकाली कुस्ती. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली, तो चितपट झाला, की निकाल; तोवर कितीही वेळ जावो. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेल्या लाल मातीत पाय रुततात, अंगाला माती लागली की पकड घट्ट बसते, आणि मल्लाचा दम हाच अखेर निर्णायक ठरतो. ऑलिम्पिकच्या मॅटवर हे सारे उलटे. तेथे पायात बूट, अंगात घट्ट पोशाख, पायाखाली रुतण्याऐवजी घसरणारी गादी, वेळेचे बंधन आणि पंचांची मते. चितपट झालीच नाही तर पंच ठरविणार कोण जिंकले ते. शिवाय त्या काळची पद्धत अशी की हरणाऱ्याला तर दोषगुण मिळतच, पण चितपट न करता केवळ पंचांच्या कौलावर जिंकणाऱ्यालाही दोषगुण पडे. त्यांची ठरावीक मर्यादा ओलांडली की मल्ल स्पर्धेतून बाद. म्हणजे रेंगाळून जिंकणारा हळूहळू खचत जाई आणि झटपट पाठ लावणारा टिके. कोल्हापूरच्या मातीत चितपटाशिवाय दुसरा विजयच न मानणाऱ्या मल्लाला या पद्धतीत एक फायदा होता. तोटा एवढाच, की मॅट पाहायला मिळणे हीच मोठी अडचण होती. खाशाबांचा आवडता डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळून त्याला आपल्या अंगावरून फेकायचे. हा डाव मातीत जितका चालतो तितकाच मॅटवरही चालतो, आणि तो बिजलीसारखा मारावा लागतो.

1948 च्या लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांची फ्लायवेट गटात निवड झाली. खर्चाचा मोठा भार कोल्हापूर दरबाराने उचलला. छत्रपती शहाजी महाराज त्या वेळी गादीवर होते. लंडनमध्ये अमेरिकेचे प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी भारतीय मल्लांना मॅटवरच्या कुस्तीचे धडे दिले. तिथवर मॅटवर उभे राहण्याचा सराव जवळपास नसलेल्या खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला पहिल्या काही मिनिटांतच नमविले, अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरविले, आणि इराणच्या मन्सूर रईसीकडून ते पराभूत झाले. अखेर त्यांचा सहावा क्रमांक लागला. वैयक्तिक खेळात एवढ्या वरच्या स्थानी पोहोचणारे भारतीय तोवर विरळाच होते. पण स्वतः खाशाबांना त्या सहाव्या क्रमांकात समाधान नव्हते. तंत्र कमी पडले, ताकद नव्हे, हे त्यांच्या लक्षात आले होते.

मराठवाड्याच्या वाचकाने या ठिकाणी तारखांवर क्षणभर थांबावे. लंडनचे ते ऑलिम्पिक 14 ऑगस्ट 1948 रोजी संपले. त्या दिवशी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, अजून निजामाच्या अमलाखाली होते. 1857 च्या बंडात मरण पत्करलेल्या शिपायांची आठवण सांगणाऱ्या क्रांती चौकाच्या या शहरात उघडपणे तिरंगा फडकविण्यासाठी 17 सप्टेंबरपर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे कृष्णाकाठचा एक विद्यार्थी तिरंग्याखाली लंडनच्या मॅटवर उतरला, तेव्हा गोदाकाठच्या त्याच्या वयाच्या मुलांना तो तिरंगा आपल्याच गावात लावण्याची मोकळीक नव्हती. नकाशा अद्याप ओला होता. संस्थाने विरघळत होती, आणि त्यांच्याबरोबर त्यांनी पोसलेल्या कला, विद्या व खेळ यांचा आधारही विरघळत होता.

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ते योग्यच झाले, त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण तालमीत राहणाऱ्या पोराच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा होता. खुराकाचे दूध-बदाम, परदेशी स्पर्धेचे भाडे, प्रशिक्षकाचे मानधन हे कोणाकडे मागायचे, या प्रश्नाला उत्तर देणारा दरबार उठून गेला होता आणि त्या जागी येणाऱ्या सरकारच्या दफ्तरात या मागणीसाठी अजून रकाना आखलेला नव्हता. खाशाबांच्या आयुष्यातील खरी लढत या दोन व्यवस्थांच्या मधल्या रिकाम्या जागेत झाली. मामेदबेकोव आणि इशी नंतर आले.

यात आणखी एक पेच होता. त्या काळी ऑलिम्पिकचे दार फक्त हौशी खेळाडूंना उघडे असे. खेळावर पोट भरणाऱ्याला तेथे मज्जाव. इकडे महाराष्ट्रातली मैदानी कुस्ती इनामावर चालणारी. पैसा हवा तर जत्रेच्या मैदानात उतरावे, ऑलिम्पिक हवे तर पैशाची आस सोडावी. परदेशात पुढे चित्र पार पालटले. अमेरिकेत 1974 साली मोझेस मलोन हा बास्केटबॉलपटू हायस्कूलमधून थेट व्यावसायिक लीगमध्ये गेला. 2003 साली लेब्रॉन जेम्सने तीच वाट धरली तेव्हा शाळा सुटता सुटता त्याच्या दारात कोट्यवधींचे करार उभे होते. आपल्याकडेही 2008 नंतर क्रिकेटमध्ये आणि 2014 नंतर कबड्डीत लिलावाचा हातोडा पडू लागला आणि खेड्यातल्या पोरांना भाव मिळू लागला. टिळक हायस्कूलच्या खाशाबांसमोर मात्र शाळेनंतर असा कोणताही जिना नव्हता. होती ती एक तालीम, एक महाविद्यालय आणि काही माणसे.

पुढची चार वर्षे त्यांनी स्वतःला पणाला लावले. फ्लायवेटमधून ते एक गट वर, 57 किलोच्या बँटमवेटमध्ये गेले. वजन वाढवायचे पण चपळाई घटू द्यायची नाही, हे काम दिसते तितके सोपे नसते. सकाळ-संध्याकाळ मिळून तासन्‌तास मेहनत, हजारभर बैठका, तीनशेच्या आसपास जोर, आणि मॅटच्या नियमांचा अभ्यास. तरीही हेलसिंकीच्या संघात त्यांचे नाव सहजासहजी आले नाही. निवडीच्या लढतीत निरंजन दास यांच्याविरुद्ध निर्णय खाशाबांच्या विरोधात गेला. केवळ एका गुणाचा फरक, आणि तोही पक्षपाताने पडला अशी त्यांची तक्रार. गप्प बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष, पतियाळाचे महाराज यादवींद्रसिंग यांच्यापर्यंत त्यांनी दाद मागितली. महाराज कुस्तीचे जाणकार. त्यांनी दोघांची पुन्हा लढत लावली. या वेळी पंचांना गुण मोजायचे कामच उरले नाही. खाशाबांनी निरंजन दास यांना चितपट केले आणि हेलसिंकीचा परवाना मिळविला.

परवाना मिळाला, पैसे नव्हते. मुंबई राज्याच्या सरकारकडे, म्हणजे मोरारजी देसाई ज्याचे मुख्यमंत्री होते त्या सरकारकडे, चार हजार रुपयांची मदत मागून पाहिली. ती वेळेवर मिळाली नाही. सरकारची बाजूही समजून घेता येते. पहिली सार्वत्रिक निवडणूक नुकतीच आटोपली होती, धान्याची टंचाई होती, फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. अशा वेळी एका पैलवानाच्या विलायतवारीचा अर्ज कोणत्याही टेबलावर खालीच जाणार. पण ऑलिम्पिक दर चार वर्षांनी येते आणि मल्लाच्या उमेदीची वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. खाशाबा सव्वीस वर्षांचे होते. पुढच्या वेळी ते तिशीचे होणार होते.

मग गाव उभे राहिले. गोळेश्वर आणि आसपासच्या गावांतून वर्गणी फिरली. ज्याच्याकडे रोकड नव्हती त्याने धान्य दिले. कोल्हापुरातील चाहत्यांनी आपापल्या परीने भर घातली. तरी मोठी रक्कम कमी पडत होती. ती उभी केली प्राचार्य खर्डेकर यांनी. त्यांनी आपले राहते घर मराठा बँकेकडे गहाण टाकले आणि सात हजार रुपये खाशाबांच्या हाती ठेवले. शिक्षकी पेशातल्या माणसाने, पगारावर चालणाऱ्या संसारात, आपल्या एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणे ही गोष्ट आज ऐकायला सुरस वाटते. त्या दिवशी खर्डेकरांच्या घरात ती कशी वाटली असेल, याची कल्पनाच करावी. पदक मिळेल याची हमी नव्हती. पहिल्या फेरीत चितपट होऊन मुलगा परत आला असता, तरी बँकेचा हप्ता चुकणार नव्हता.

हेलसिंकीत बँटमवेटचा गट विलक्षण अवघड होता. दुसऱ्या महायुद्धामुळे लंडनच्या ऑलिम्पिकमधून वगळला गेलेला जपान या वेळी परतला होता, आणि सोव्हिएत संघ तर पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये उतरत होता. दोघांनीही कुस्तीसाठी कसून तयारी केलेली. खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला, मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला आणि जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला हरविले. ही मजल मारल्यावर गाठ पडली ती जपानच्या शोहाची इशीशी आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवशी. दोन्ही लढती खाशाबा हरले. इशीने पुढे सुवर्ण मिळविले. त्या ऑलिम्पिकमधील जपानचे ते एकमेव सुवर्णपदक. मामेदबेकोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. तारीख होती 23 जुलै 1952.

पराभवाच्या या दोन लढतींविषयी एक सल कायम राहिली. दोन कुस्त्यांच्या मध्ये मल्लाला किमान अर्धा तास विश्रांती मिळावी, असा नियम होता. एक दमछाक करणारी लढत आटोपून खाशाबा मॅटवरून उतरतात न उतरतात तोच त्यांना पुढच्या लढतीसाठी पुकारण्यात आले. नियमावर बोट ठेवून वेळ मागण्यासाठी तेथे भारतीय पथकाचा एकही अधिकारी हजर नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेत, घामाने निथळत असलेला मल्ल पंचांशी वाद घालू शकत नव्हता. तो उठला आणि लढला. ती विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, हे सांगणे कठीण. इशी आणि मामेदबेकोव हे सामान्य मल्ल नव्हते. पण खाशाबांना भाडे मिळविण्यासाठी जसे एकटे फिरावे लागले, तसेच मॅटच्या कडेलाही ते एकटेच होते, एवढे मात्र खरे. याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. एका शहराच्या मातीतून एकाच वेळी दोन मल्ल जगातल्या पहिल्या चारांत पोहोचले होते, आणि त्यांतील एकाचे पदक थोडक्यात हुकले. माणगावेंचे नाव आज कोल्हापूरबाहेर फारसे कोणाला आठवत नाही.

पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा दिल्ली-मुंबईत हॉकीच्या विजयाची चर्चा होती. कऱ्हाडला चित्र वेगळे होते. शंभरावर बैलगाड्या सजवून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली. कऱ्हाडहून गोळेश्वरचे अंतर खरे तर पाव तासाचे. ते कापायला त्या दिवशी कित्येक तास लागले. हलगी-ताशांच्या कडकडाटात, गुलालात न्हाऊन निघालेल्या त्या वाटेवर ज्यांनी पायलीभर जोंधळा दिला होता तेही होते. हा सोहळा सरकारी नव्हता, त्यामुळे त्याचे फारसे चित्रण उरले नाही. जत्रा संपल्यावर खाशाबांनी जे केले ते त्यांच्या स्वभावाला साजेसे होते. कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवून, स्वतः लढून, त्यांनी पैसे उभे केले आणि प्राचार्य खर्डेकर यांचे घर सोडवून दिले. ऑलिम्पिक पदकविजेत्याने पहिली कमाई कर्ज फेडण्यासाठी केली.

1955 साली ते पोलिस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिककडे त्यांचे लक्ष होते, पण गुडघ्याच्या दुखापतीने ती वाट बंद केली. त्यानंतर खाशाबा जाधव हे नाव क्रीडापानावरून जवळजवळ नाहीसे झाले. पोलिस दलाच्या अंतर्गत स्पर्धा त्यांनी जिंकल्या, तरुण मल्लांना शिकविले, सत्तावीस वर्षे नोकरी केली. बढती फार उशिरा आली. निवृत्तीच्या सुमारास ते सहायक पोलिस आयुक्त झाले. 1961 साली केंद्र सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केला. पुढची दोन दशके दरवर्षी खेळाडूंची नावे जाहीर होत राहिली. देशाला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा एकमेव खेळाडू त्या यादीत नव्हता, आणि त्याबद्दल कोणाला खेद वाटल्याचेही दिसले नाही. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत ज्योत वाहून नेण्याचा मान त्यांना मिळाला, एवढाच काय तो अपवाद. निवृत्तीनंतर त्यांना पेन्शनसाठीही झगडावे लागले. गावी त्यांचे घर होते. त्याचे नाव ऑलिम्पिक निवास.

14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न. त्याच्या दोनच दिवस आधी लॉस एंजलिसचे ऑलिम्पिक संपले होते, आणि भारताला त्यात एकही पदक मिळालेले नव्हते. हॉकीतसुद्धा नाही.

सन्मान मग येऊ लागले. 1990 च्या दशकात महाराष्ट्र शासनाने मरणोत्तर शिवछत्रपती पुरस्कार दिला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 सालचा, म्हणजे निधनानंतर सोळा वर्षांनी. त्यामागेही एक कारण होते. 1996 साली अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळविले, तेव्हा यापूर्वी असे पदक कोणी मिळविले होते याचा शोध वृत्तपत्रांनी घेतला आणि चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचे एक नाव वर आले. देशाने खाशाबांना ओळखले ते पेस यांच्या उजेडात. 2008 साली बीजिंगला सुशीलकुमार यांनी कुस्तीत कांस्य मिळविले तेव्हा ते भारताचे कुस्तीतील दुसरे पदक ठरले, छप्पन्न वर्षांनंतरचे. 2010 च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेच्या वेळी दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला खाशाबांचे नाव देण्यात आले.

गोळेश्वरला त्यांच्या नावाने कुस्ती प्रशिक्षण केंद्र उभारण्याची घोषणाही झाली होती. ते काम वर्षानुवर्षे रखडले. अखेर 2017 साली खाशाबांच्या कुटुंबीयांनी जाहीर केले की केंद्रासाठी पैसा उभा करायला हेलसिंकीचे ते कांस्यपदक लिलावात काढण्याची त्यांची तयारी आहे. 1952 साली पदकासाठी घर गहाण पडले होते. पासष्ट वर्षांनी तालमीच्या इमारतीसाठी पदक विकण्याची वेळ आली.

1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले. महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक प्रकारात ऑलिम्पिक पदक मिळण्याची ही खाशाबांनंतरची पहिलीच वेळ, बहात्तर वर्षांनी आलेली. कुसाळे यांचे गाव राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी. म्हणजे जिल्हा कोल्हापूरच. ते रेल्वेत तिकीट तपासनीस होते. पदक मिळताच राज्य सरकारने एक कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर केले.